झुल्याचा मालक झुल्यात बसत नाही

२९ ऑक्टोबर १९८१, भाऊबीज. चिखला.

निवृत्तीच्या दिवशी हार, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. मी साहेबांना म्हटलं, एक कोरं पाळी-रजिस्टरही द्या. एकतीस वर्षं रोज त्यात लिहिलं, एकदम सुटलं तर चैन पडणार नाही. ते हे रजिस्टर. तारीख, घटना आणि शेरा असे रकाने आहेत.

घटना अशी की मी आकाशपाळणा विकत घेतला आहे. आठ डोल्यांचा, डिझेल इंजिनावर फिरणारा. आपल्याकडे त्याला नुसतं झुला म्हणतात. खाणीत मी वाइंडर चालवत होतो, म्हणजे माणसांनी भरलेला पिंजरा दोरावर खाली सोडायचा आणि पाळी संपली की वर ओढायचा. एकतीस वर्षांत कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आता तेच काम उलटं करायचं, माणसं आधी वर न्यायची आणि मग खाली आणायची. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, लेकी-जावई, सोयरेधायरे सगळे जमतात. त्यांना बसायला काहीतरी हवंच.

घंटीवर सुखराम राहील. तो सव्वीस वर्षं माझ्याच पिंजऱ्यातून खाणीत उतरला. तिकिटं धुरपता फाडेल. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण तिला काय आवडतं हे मला अजून नक्की सांगता येत नाही. झुल्याबद्दल ती काही बोलली नाही.

गोमाजीदादा मात्र भरपूर बोलला. तो माझा थोरला भाऊ, बपेऱ्याला असतो. "जमिनीखालून पैसे आले त आता आभाळात उधळतं का, श्याम्या?" असं भर पंगतीत म्हणाला. सगळ्यांसमोर माझ्याकडून कबूल करून घेतलं की बपेऱ्याच्या मंडईपर्यंत झुला चालला तर चालला. नाहीतर तो विकायचा आणि आम्ही दोघांनी त्याच्या घरी, त्याच्या शेतावर राहायला जायचं. म्हणजे पहाटे चारला उठा, तो सांगेल ते करा आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याची म्हैस धुवा. धुरपताला यानं काही फरक पडेलसं दिसत नाही. विचारलं तर भांडी घासत राहिली. जरा जोरात घासली, एवढंच.

१ नोव्हेंबर

पहिली मंडई. गाव लहान, पण गर्दी चांगली.

सगळं खाणीच्या नियमानं केलं. बसणाऱ्या प्रत्येकाला एक पितळी बिल्ला द्यायचा आणि उतरताना परत घ्यायचा. सुखराम घंटीचे तीन ठोके देईपर्यंत मी इंजिनाच्या दांड्याला हात लावत नाही. सहा फेऱ्या झाल्या की झुला थांबवून तीन मिनिटं तपासणी, मग पुन्हा सहा फेऱ्या. वेग खाणीत माणसं उतरवण्याचा. लोकांना ही शिस्त फार आवडली असावी, कारण उतरताना सगळे गप्प होते.

कान उघडे ठेवले. शेऱ्याच्या रकान्यात लोकांचं बोलणं जसंच्या तसं लिहायचं ठरवलं आहे, त्यातून सुधारणा करता येतात.

एक बाई तपासणीच्या वेळी नेमकी सर्वांत वर होती. नवऱ्याला म्हणाली, "अजी, आपलं घर दिसते का इथून? पाहा बरं, म्या कुलूप लावलं का नाई त." नवरा बराच वेळ पाहत होता. मग म्हणाला, "कुलूप नाई दिसत, पन बकरी घरात शिरून राह्यली."

दुसरा एक गृहस्थ उतरल्यावर इकडेतिकडे पाहू लागला. "इथूनच चढलो होतो ना गा? मंग गेलो कुठं? तुमसरची एसटी परवडली, निदान तुमसरले त नेते." त्याला मी समजावून सांगितलं की चढलेल्या जागीच सुखरूप उतरणं हाच या यंत्राचा हेतू आहे. त्याला पटलं नाही.

५ नोव्हेंबर, आंधळगाव

मोठं गाव, मोठी मंडई. दुपारी एक घटना.

बत्तीस बिल्ले दिले, एकतीस परत आले. नियम स्पष्ट आहे, एक बिल्ला कमी म्हणजे एक माणूस अजून आत. मी झुला बंद ठेवला. लोक ओरडू लागले की आठही डोल्या रिकाम्या दिसताहेत. दिसोत. खाणीत दिसण्यावर कधी भरवसा ठेवला नाही. मी एकेक डोली खाली आणून बाकाखाली वाकून पाहिलं. पाऊण तास गेला. शेवटी धुरपता गर्दीतून एका बाईला घेऊन आली. तिच्या कडेवरच्या लेकराच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात बिल्ला ओवलेला होता. "लय चांगला मानूस देते, नजर लागू नाई म्हणून बांधला," ती बाई म्हणाली. बिल्ला काढताना लेकरू रडलं. मी हिशेब जुळल्याची नोंद केली.

इतर शेरे: एक म्हातारा नातवाला डोलीत बसवून, "तू आरामानं फिर बापा, मी तवर बैल पाहून येतो." तो बैल पाहून, चहा पिऊन आला तेव्हा नातू उतरत होता. आणि एका तरुण बाईनं वरून खाली येता येता नवऱ्याला विचारलं, "वर जाऊन हात काहून पकडता? खाली त वळखबी देत नाई."

धुरपता तिकिटं संपली की इंजिनाजवळ येऊन उभी राहते. थंडी पडायला लागली आहे, तिला ऊब हवी असेल.

८ नोव्हेंबर

सोयरिकीचा प्रसंग. मुलाकडचे आणि मुलीकडचे मंडईत भेटले आणि दोघांना समोरासमोरच्या डोल्यांत बसवलं. मुलगा तपासणीच्या वेळी ओकला. सोयरीक मोडली, पण कारणावरून दोन घरांत वाद आहे. मुलीकडचे म्हणतात पोरगा ओकला म्हणून, मुलाकडचे म्हणतात पोरगी हसली म्हणून. मी दोन्ही बाजूंना सांगितलं की झुल्याचा वेग या घटनेला जबाबदार नाही. मुलाचा बाप म्हणाला, "वेग कुठं हाये गा? वेग असता त पोरगा वाचला असता, निस्ता लोंबकळून ओकला."

जाता जाता त्यानं विचारलं, "तुमी बसता का यात?"

मी म्हटलं, चालवणाऱ्यानं दांडा सोडायचा नसतो.

आज माझा गुडघाही दुखत होता.

११ नोव्हेंबर

गोमाजीदादा बैलबंडीत घरचे सगळे घालून आला. वहिनी, सुना, नातवंडं. त्याला पाहताच धुरपतानं पदर नाकापर्यंत ओढला आणि इंजिनाच्या मागं गेली. भासऱ्यासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं तोंड दाखवायचं नाही, बोलायचं नाही, त्यानंही तिच्याशी थेट बोलायचं नाही, ही आमच्या घरची जुनी रीत आहे. पस्तीस वर्षांत दोघांनी एकमेकांशी एक शब्द काढलेला नाही. त्यामुळे आमच्या घरात भांडण म्हणून नाही.

दादानं झुल्याला एक चक्कर मारली, पायानं खांब ठोकून पाहिला. मग मला विचारलं, "तू बसला का रे यात कधी?"

मी म्हटलं, आज पौर्णिमेचा उपास आहे.

"झुल्याले उपास कायचा?" तो म्हणाला आणि मग चार गावांना ऐकू जाईल अशा आवाजात, "पाहा गा लोकहो! मालक सोता बसत नाई अन् आपल्या लेकरायले चढवून राह्यला! हाटेलवाला सोताच्या हाटेलात जेवत नसन त तुमी जेवान का?"

रांगेतले अकरा लोक निघून गेले. एक बाई जाताना म्हणाली, "बरं झालं बापा सांगतलं. म्या सासूले बसवून राह्यली होती." जरा थांबून म्हणाली, "सासूले बसवाले काय हरकत होती पन."

१५ नोव्हेंबर

बातमी आमच्या बैलबंडीच्या आधी गावात पोचते. आज दिवसभरात चार डोल्या भरल्या. लोक झुल्यापेक्षा मला पाहायला येतात. एका पोरानं बापाला विचारलं, "कोनता बुढा? जो भेते तो?"

मी भीत नाही. फक्त दोन गोष्टी आहेत: गुडघा, आणि दांड्यावर दुसरा माणूस नाही.

सुखरामला विचारलं, तू दांडा धरशील का? तो दोन पावलं मागं सरकला. "नाई साहेब. मले निस्तं बसता येते. सव्वीस वर्सं तेच त केलं."

१८ नोव्हेंबर

कालच्या मंडईत आठ तिकिटं. आज बपेऱ्याला निघालो. दादाचं गाव, शेवटची मंडई, रविवार-सोमवार दोन दिवसांची.

एक तांत्रिक नोंद. गेले काही दिवस मी सकाळी तलावावर अंघोळ करून येतो तेव्हा इंजिन गरम लागतं. पट्टाही गरम. आणि सर्वांत खालच्या डोलीचा नंबर रात्री असतो त्यापेक्षा वेगळा असतो. काल रात्री तीन होता, सकाळी सहा. वारा असावा. सुखरामला विचारलं तर तो धुरपताकडे पाहून म्हणाला, "वाराच असन साहेब. लय वारा सुटते सकाळी."

२१ नोव्हेंबर, बपेरा

खरं लिहितो. खोट्या नोंदीला खाणीत दंड होता.

मला भीती वाटते. उंचीची नाही, दुसऱ्याच्या हाताची. एकतीस वर्षं दांडा माझ्या हातात होता. खाणीत मी स्वतः फक्त शिडीनं उतरलो, पिंजऱ्यात एकदाही नाही. विचारलं की म्हणायचो व्यायाम होतो. दुसरा माणूस दोर सोडणार आणि मी आत उभा राहणार, या विचारानंच माझे तळहात ओले व्हायचे. आताही झालेत, अक्षर फिसकटलं आहे.

हे मी संध्याकाळी धुरपताला सांगितलं. वाटलं, हसेल. ती म्हणाली, "मले मालूम हाये." मग म्हणाली, "उद्या तुमी बसा. मी चालवतो."

मी तिला समजावलं की हे काम तिकिटं फाडण्यासारखं नाही. तोंडी परीक्षा घेतली. चौदा प्रश्न विचारले, चौदाही बरोबर. वर मलाच म्हणाली, "सकाळी पट्टा थंडा असला का सरकते. त्याले राळ लावा लागते, तुमी लावत नाई." मी थक्क झालो. इतकं बारीक ज्ञान माझं बोलणं ऐकून ऐकूनच आलं असणार.

मी म्हटलं, दादा समोर असेल, गाव असेल, तुला जमेल? भांडी घासायची थांबली. "अजी, त्या घरात गेलो त तुमाले म्हैस धुवा लागन. मले मरेवरी हा पदर नाकावर घेऊन मुकी राहा लागन. तुमी याचा कधी इचार केला?"

केला नव्हता. शेऱ्याच्या रकान्यात ही माझी चूक म्हणून लिहितो.

२२ नोव्हेंबर, रविवार

बसलो.

सगळी मंडई झुल्याभोवती उभी होती. दादा पंचांबरोबर खुर्चीवर. धुरपतानं पदर नाकापर्यंत घेतला, कमरेला खोचला आणि दांडा धरला. बायांमध्ये कुजबुज झाली. "दिसन का गा तिले पदरातून?" कुणीतरी उत्तर दिलं, "तिले दिसाची गरज नाई, ज्याले दिसून राह्यलं त्याचा इचार कर."

सुखरामनं तीन ठोके दिले. मी डोळे मिटले.

पहिल्या दोन फेऱ्या माझ्या वेगानं. तिसऱ्या फेरीला तिनं इंजिन वाढवलं. डोली वरून खाली आली ती माझं पोट वरच ठेवून. मी मोठ्यानं सूचना देऊ लागलो. नेमक्या काय ते आठवत नाही. सुखराम म्हणतो, त्यात 'आई' हा शब्द बऱ्याचदा होता. खाली लोक टाळ्या वाजवत होते.

सहा फेऱ्यांनी तपासणीसाठी झुला थांबला. अर्थात मी सर्वांत वर. धुरपतानं पूर्ण तीन मिनिटं थांबवला, एक सेकंद कमी नाही. वर सगळं ऐकू येतं.

"बुढा मेला का गा?"

"नाई, ओठ हालून राह्यले."

"पन बाई काय चालवते! आपला जावई मोटरसायकल नाई चालवत अशी."

मी डोलीची दांडी घट्ट धरून बसलो होतो आणि मला एकाएकी रडू आलं. भीतीचं होतंच, पण सगळं भीतीचं नव्हतं. पाळीला चाळीस-पन्नास माणसं, रोजच्या रोज. ती सगळी माझ्या हातावर जीव ठेवून अशीच अंधारात उतरत होती. मला वाटायचं, त्यांचं काय, ती तर नुसती उभी असतात. दांड्याची इंजिनखोली लांब असते, एकाचंही तोंड मला कधी दिसलं नाही. मी एकतीस वर्षं सावध राहिलो याचाच गर्व करत आलो. धाडस त्यांचं होतं.

खाली उतरल्यावर सुखरामला विचारलं, तुला रोज असं व्हायचं? तो म्हणाला, "पहिले दोन साल. मंग आमी म्हणाचो, वर श्यामराव हाये." मला त्याच्याकडे पाहता येईना.

तोवर रांग लागली होती, थेट जिलेबीच्या दुकानापर्यंत. मी बसून दाखवल्यानं लोकांचा विश्वास बसला, हे उघड आहे. मी दांडा घ्यायला पुढे झालो तर रांगेतून एकदम आवाज उठला. "बुढ्याच्या हातचं नको! बाईच्या हातचं पायजे!" एकजण जरा समजुतीनं म्हणाला, "तुमी चांगलेच चालवता काकाजी, पन त्यात झोप येते."

मी दांडा धुरपताला दिला. वाईट वाटलं. हात रिकामे झाल्यावर कुठं ठेवावेत ते कळेना, म्हणून तिकिटं फाडायला घेतली.

२३ नोव्हेंबर, सोमवार

दादाला नातवंडांनी ओढत आणला. गावासमोर नाही म्हणायची सोय उरली नव्हती. तो डोलीत बसला, मिशीवरून हात फिरवला. मी त्याला बिल्ला दिला. "हा कायले?" म्हणाला. मी म्हटलं, मोजायला.

दुसऱ्या फेरीला वरून आवाज आला, "थांबवाऽऽ!"

धुरपतानं पदर आणखी खाली ओढला. भासऱ्याचा शब्द तिच्यासाठी नसतो, आणि आपल्यासाठी नसलेल्या शब्दाला उत्तर देणं तर फारच वाईट. ती इमानानं दांड्याकडे पाहत राहिली.

दादालाही तिला थेट सांगता येईना. फिरत्या डोलीतही पाळलेली अशी रीत मी कुठे पाहिली नाही. तो सुखरामवर ओरडला, "सुखराऽम! सांग नं तिले, थांबव म्हणून!" सुखराम दोन्ही हात घंटीच्या दोरीवर ठेवून उभा होता. "घंटीवरल्या मानसानं बोलाचं नसते गोमाजी पाटील, नियम हाये." पुढच्या फेरीला दादा माझ्यावर ओरडला, "श्याम्याऽऽ! तुह्या बायकोले..." एवढ्यात डोली पलीकडे गेली. त्याच्या पुढच्या फेरीला वाक्य पुरं झालं, पण तोवर विषय बदलून देवांची नावं आली होती. वहिनी खाली उभ्या होत्या. त्या पोट धरून हसत म्हणाल्या, "राहू द्या ना वो भाऊजी, अजून दोन चक्कर. चाळीस सालात म्या याईले देवाचं नाव घेताना नाई आयकलं."

उतरल्यावर दादा खांबाला धरून थोडा वेळ उभा राहिला. शब्द पाळण्यात तो पक्का आहे, हे लिहायला हवं. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "पुढल्या साली इथं नको लावू, धूळ हाये. तलावाकडची जागा पाह्य. मी सरपंचाले सांगतो." मग झुल्याकडे पाठ करून, मध्ये माझा खांदा ठेवून, मोठ्यानं मलाच म्हणाला, "अन् सांग घरात, हात चांगला हाये म्हणा."

धुरपतानं पदराआडून ऐकलं. उत्तर अर्थातच दिलं नाही, पण पुढच्या खेपेला झुला असा सुटला की सगळी मंडई किंचाळली.

दिवस कलल्यावर गर्दी ओसरू लागली. मी तिला म्हटलं, मला एकदा परत बसायचं आहे, काल डोळे मिटले होते. ती म्हणाली, "बसा. मोठ्यानं सूचना नका देऊ."

डोळे उघडे ठेवून बसलो. शपथेवर सांगतो, उघडेच होते. कापलेल्या धानाच्या बांध्या दिसल्या, नदी दिसली, नदीपलीकडचा मध्यप्रदेश दिसला. अगदी आपल्यासारखाच आहे. खाली धुरपता दिसली. भासरा घरी गेल्यामुळे तिचा पदर खांद्यावर होता आणि ती एकदाही वर माझ्याकडे पाहत नव्हती, सगळं लक्ष दांड्यावर. तळहात ओले झाले. पण बसून राहिलो.

शेजारच्या डोलीत एक आजी आणि तिची नात होती. नातीनं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "तो बुढा कोन हाये वो आजी?"

"तो व्हय? झुला चालवनारी बाई हाये ना, तिचा नवरा."

मी त्यांना खरं काय ते सांगणार होतो. तोंडही उघडलं. मग लक्षात आलं की आजी काही चुकीचं बोलली नव्हती.